दीपगृहातला माणूस रात्रभर काय करायचा?

गुरुजी, धाराशिव जिल्ह्यातल्या तुमच्या तेरच्या शाळेतल्या लेकरांचे तीन प्रश्न मिळाले. दीपगृहं कधीपासून आहेत आणि ती समुद्रात उभी कशी राहतात? दिवा तर एकदाच लावायचा असतो, मग तिथला माणूस रात्रभर काय करायचा? आणि तिसरा, तेरलाच काय, सबंध मराठवाड्यालाच समुद्र नाही, मग हे आपण का शिकायचं? मी औसा तालुक्यातला, पण उभी नोकरी कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांत गेली. आता निवृत्त होऊन लातूरला असतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, फक्त क्रम माझा ठेवतो. आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो कळला की बाकीचा इतिहास समजायला सोपा जातो.

रात्री समुद्रावरून किनाऱ्याकडं पाहिलं तर तिथं एकच दिवा नसतो. मच्छीमारांच्या होड्यांवरचे दिवे असतात, गावातले असतात, एखाद्या डोंगरावर वणवा लागलेला असतो. जहाजावरच्या माणसाला नुसता उजेड दिसून भागत नाही, तो कुठला हे कळावं लागतं. म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःची खूण नेमून दिलेली असते. एखादं दर दहा सेकंदांनी एकदा चमकतं. एखादं लागोपाठ दोनदा चमकतं आणि मग बराच वेळ अंधारात राहतं. जवळपासच्या दोन दीपगृहांची खूण सारखी ठेवत नाहीत. या खुणा सागरी नकाशावर छापलेल्या असतात. कप्तान घड्याळ हातात धरून सेकंद मोजतो आणि मग नकाशावर बोट ठेवून सांगतो, आपण इथं आहोत.

आता समजा, दहा सेकंदांचा दिवा पंधरा सेकंदांनी चमकायला लागला. दिवा विझलेलाच असता तर कप्तान सावध झाला असता, वेग कमी केला असता, किनाऱ्यापासून लांब राहिला असता. चुकीच्या वेळेनं चमकणाऱ्या दिव्यावर मात्र तो विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावरच जहाज खडकावर घालतो. जहाजांना फसवण्यासाठी खोटा दिवा दाखवणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या २८१ व्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद सांगितलेली होती, आणि नव्या न्याय संहितेतही हा गुन्हा तसाच ठेवलेला आहे. लेकरांना एवढं सांगा की दीपगृहातला माणूस रात्रभर जागून वेळ जपायचा. उजेड त्या वेळेसाठी होता.

ते कसं, हे जरा जवळून बघू. जुन्या दीपगृहातला दिवा चालू-बंद होत नसे, तो सारखा जळायचा. त्याच्याभोवती भिंगं बसवलेला माणूसभर किंवा त्याहून उंच काचेचा पिंजरा फिरायचा. भिंगातून निघालेला झोत जहाजाच्या दिशेला आला की तेवढ्यापुरती चमक दिसायची. पिंजरा फिरवायला वीज नव्हती. मनोऱ्याच्या मधल्या पोकळीत तारेला एक जड वजन टांगलेलं असायचं. ते सावकाश खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीवर वरची दातेरी चक्रं चालायची. वेग वाढू नये म्हणून त्याला नियंत्रक असायचा. वजन तळाला टेकायच्या आत हँडल फिरवून ते पुन्हा वर चढवायचं. कुठं हे अर्ध्या-पाऊण तासाला करावं लागायचं, कुठं काही तासांनी, जसं यंत्र तसं. मधे डोळा लागला तर वजन तळाला, पिंजरा थांबलेला, आणि समुद्रावर एका दिशेला अखंड उजेड तर बाकी सगळीकडं अंधार. म्हणून रात्रीच्या पाळ्या लावलेल्या असायच्या आणि पाळीवरच्या माणसानं घड्याळ काढून फेऱ्याचे सेकंद मोजायचे असायचे.

आणि दिवा? लेकरांना आजोबांना विचारायला सांगा, लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायची ती ग्यासबत्ती कशी पेटवायची. आमच्या मोठ्या दिव्याचं तंत्र तेच. टाकीत रॉकेल, हातानं पंप मारून भरलेला दाब, आधी स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग रॉकेलची वाफ होऊन ती मेंटलमध्ये, म्हणजे जाळीच्या पिशवीत, जळते आणि पांढराशुभ्र उजेड पडतो. आर्थर किट्सननं १९०१ मध्ये हा दिवा दीपगृहासाठी तयार केला आणि पुढं बहुतेक शतकभर तो जगभर चालला. दाब कमी झाला की उजेड पिवळा पडतो. नळीचं तोंड कचऱ्यानं बुजलं की दिवा भपभप करतो, आणि वेळेत पिन मारली नाही तर काजळी थेट भिंगावर बसते. मी नोकरीला लागलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी वीज पोचली होती, पण रॉकेलचा दिवा अडचणीला म्हणून तयार ठेवलेला असायचा. माझ्या वरच्या माणसांनी मला आधी तोच शिकवला, वीज नंतर.

सकाळचं काम कोणाला माहीत नसतं, पण माझ्या मते सगळ्यात नाजूक तेच. सूर्य उगवला की दिवा विझवायचा आणि लगेच भिंगाच्या खोलीचे पडदे ओढायचे. ही चालढकल करायची गोष्ट नव्हे. जे भिंग दिव्याचा उजेड गोळा करून बाहेर फेकतं, तेच दिवसा बाहेरचं ऊन गोळा करून आत फेकतं. पडदा राहिला तर दिव्याचे भाग तापून बिघडतात, आगही लागू शकते. मग साफसफाई. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, शर्टाची बटणं झाकली जातील असा एप्रन बांधायचा, कारण काचेवर एक ओरखडा पडला तर तो कायमचा. आधी मऊ ब्रशनं धूळ, मग स्पिरिटचा बोळा, मग कोरडं मऊ कातडं. एकेक पाकळी करत जायचं. बाहेरच्या गॅलरीत जाऊन तावदानांवरचा खार धुवायचा, तो तर रोजच साचायचा. पावसाळ्यात हे काम रात्रीही करावं लागायचं, एका हातानं कठडा धरून. स्थलांतर करणारे पक्षी उजेडाला भुलून काचेवर आपटायचे, त्यांना उचलून बाजूला ठेवायचं. शेवटी वही. दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, रॉकेल किती जळलं, वारा कुठला, दूरचं किती दिसतं, कोणतं जहाज गेलं. मनोऱ्यातली ती वही न चुकता भरायची असायची.

हे भिंग आलं कुठून, ते सांगतो. त्याआधी दीपगृहात लाकडं, कोळसा, मेणबत्त्या, तेलाच्या वाती जळायच्या आणि उजेड चहूकडं वाया जायचा. फ्रान्समधल्या ओग्युस्तँ फ्रेनेल या अभियंत्यानं प्रकाशाच्या गणितावरून एक नवं भिंग आखलं. जाड अखंड काच घेण्याऐवजी तिच्या वर्तुळाकार कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापून लावल्या, त्यामुळं वजन घटलं आणि काचेत शोषला जाणारा उजेडही वाचला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआँ दीपगृहात १८२३ मध्ये ते पहिल्यांदा लागलं. फ्रेनेलला फार आयुष्य मिळालं नाही, १८२७ मध्ये तो गेला, पण जगातल्या बहुतेक जहाजांनी पुढची शंभर-दीडशे वर्षं त्याच्या काचेच्या भरवशावर किनारा गाठला. या भिंगांच्या श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीचं भिंग दिव्यापासून ९२० मिलिमीटरवर असतं, चौथ्या श्रेणीचं २५० मिलिमीटरवर. मोठं भिंग चौकटीसकट काही टन भरतं.

टनावारी वजनाची काच चाकांवर फिरवायची तर ती हळूच फिरणार, आणि फेरा हळू म्हणजे दोन चमकांमधला अंधार लांब. १८९० च्या दशकात फ्रेंचांनी यावर तोड काढली. गोल कुंडात पारा भरायचा आणि सगळं भिंग त्यावर तरंगत ठेवायचं. मग ते बोटानं ढकललं तरी फिरतं. चमक झटपट येऊ लागली आणि कप्तानाला दिवा ओळखायला लागणारा वेळ कमी झाला. पण पाऱ्याची वाफ माणसाच्या मज्जासंस्थेला बाधते. बंद खोली, उन्हाळा, आणि मळलेला पारा कातड्यातून गाळून घेणारे हात, हे सगळं एकत्र आणून बघा. जुन्या काळी दीपगृहातली माणसं एकटेपणानं वेडी होतात असं लोक सहज म्हणायचे. काही जणांच्या बाबतीत त्या खोलीतल्या हवेचाही वाटा असणार, असं मला ठामपणे वाटतं.

आता पहिला प्रश्न, म्हणजे मनोरा. उंची कशाला हवी, तर पृथ्वी गोल आहे म्हणून. दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की दिसत नाही. याचं सोपं गणित आहे आणि सातवीला वर्गमूळ माहीत असेल तर फळ्यावर करून घ्या. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला साधारण २.०८ नं गुणायचं, येईल ते अंतर सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दिवा ४९ मीटरवर असेल तर वर्गमूळ ७, अंतर साडेचौदा सागरी मैल. जहाजावरचा माणूस पाण्यापासून ९ मीटरवर उभा असेल तर त्याचे सव्वासहा मैल त्यात मिळवायचे. एकूण जवळजवळ एकवीस, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर. धाराशिवहून तुळजापूर ओलांडून बरंच पुढं जावं इतकं ते अंतर आहे.

सगळ्यात जुनं नावाजलेलं दीपगृह अलेक्झांड्रियाचं, इसवी सनापूर्वी २८० च्या सुमाराचं, शंभर मीटरच्या आसपास उंच. ते मोठं बांधकाम होतं यात शंका नाही, पण ते जमिनीच्या भक्कम आधारावर होतं. खरी परीक्षा भर समुद्रातल्या खडकावर बांधण्याची. इंग्लंडच्या दक्षिणेला एडिस्टन नावाचा खडक आहे. तिथं हेन्री विन्स्टन्लीनं १६९८ मध्ये पहिला मनोरा उभारला. १७०३ च्या महावादळात मनोरा गेला आणि त्या रात्री तिथं असलेला विन्स्टन्लीही गेला. दुसरा मनोरा लाकडी, तो १७५५ मध्ये जळाला. रखवालदार हेन्री हॉल तेव्हा ९४ वर्षांचा होता असं नोंदलेलं आहे. तो खालून वर पाणी फेकत होता आणि छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या तोंडात पडलं. तो सांगत होता की शिसं पोटात गेलंय, पण डॉक्टरांचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी तो वारला आणि पोटातून शिशाचा गोळा निघाला. तो गोळा आजही स्कॉटलंडच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

तिसरा मनोरा जॉन स्मीटनचा, १७५९ चा. त्यानं दगड एकमेकांत अडकतील असे खाचे पाडून बसवले आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना शोधून काढला. आजच्या सिमेंटचा इतिहास लिहिणारे याच चुन्याकडं बोट दाखवतात. लेकरांना हे समजावायला लांब जायची गरज नाही, एकदा नळदुर्गला न्या. बोरी नदीच्या बांधातला तो पाणी महाल आदिलशाहीतला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी जातं आणि महाल कोरडा उभा असतो. दगड आणि चुना नीट वापरला तर पाण्याशी कसा टिकाव धरतो, ते तिथं दिसतं. आणि एक गोष्ट तुम्हाला नवल वाटेल, स्मीटनच्या त्या जगप्रसिद्ध मनोऱ्यात सुरुवातीला उजेड होता तो चोवीस मेणबत्त्यांचा. बांधकाम खूप पुढं गेलं होतं, दिवा मागंच होता.

एका जागी माणसं तीन का ठेवायची, यामागंही एक घटना आहे. वेल्सजवळ स्मॉल्स नावाच्या खडकावर दोनच माणसं असायची. १८०१ च्या सुमारास त्यातला एक वारला. दोघांचं आधीपासून पटत नव्हतं, त्यामुळं प्रेत समुद्रात सोडलं तर आपल्यावर खुनाचा आळ येईल अशी दुसऱ्याला भीती वाटली. त्यानं पेटी करून प्रेत बाहेर बांधून ठेवलं. वादळामुळं बरेच दिवस होडी येऊ शकली नाही. वारा पेटी फोडून गेला, तरी तो माणूस दिवा लावत राहिला. सुटका झाली तेव्हा ओळखीचे लोकही त्याला ओळखेनात. तेव्हापासून तिथं तीन माणसांचा नियम झाला.

तुमच्या एका लेकरानं व्हिडिओत पाहिलेल्या गायब झालेल्या तिघांबद्दल विचारलंय. ते फ्लॅनन बेटांवरचं, स्कॉटलंडच्या पश्चिमेला, डिसेंबर १९०० मधलं. १५ तारखेच्या रात्री जवळून गेलेल्या एका जहाजानं दिवा बंद असल्याचं पाहिलं होतं. २६ तारखेला मदतीची बोट पोचली तेव्हा तिघंही नव्हते. दिव्याची वात नीट केलेली, तेल भरलेलं, म्हणजे सकाळचं काम पुरं झालेलं. अर्धवट टाकलेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची, हे तपशील पुढं एका कवितेतून लोकांत पसरले. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं मत असं की ते पश्चिमेच्या धक्क्यावर सामान सांभाळायला उतरले आणि मोठ्या लाटेनं त्यांना ओढून नेलं. मला हेच पटतं. धक्क्यावर दोरखंड आवरताना कोकणातसुद्धा पाठीमागून लाट कधी येते ते कळत नाही. यात भूत शोधणं म्हणजे कामावर गेलेल्या माणसांचा अपमान आहे, असं लेकरांना स्पष्ट सांगा.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी तिथं होता, आणि इंग्रज व सिद्दी दोघांनी विरोध करूनही बेट सुटलं नाही. मुंबई बंदराच्या तोंडावरची ती जागा आहे, म्हणून तर एवढी झुंज झाली. त्याच बेटावर १८६७ मध्ये अष्टकोनी दीपगृह उभं राहिलं. ज्या खडकावरून शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवायची, त्याच खडकावरून पुढं सगळ्या जहाजांना वाट दाखवली गेली. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी लोक ते फार मानतात. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात खांदेरी आहे. दीपगृह पाहायचं असेल तर पहिली जागा मी हीच सांगेन.

मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढं खडकांची रांग पाण्यात घुसली आहे, तिच्यावर प्राँग्स रीफ दीपगृह. १८७५ मध्ये टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्यानं ते बांधलं, उंची ४४ मीटरच्या आसपास. त्याच्यावरचे रंगीत पट्टे शोभेचे नाहीत. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा रंग हीच ओळख.

ही दीपगृहं १८६० नंतरच भराभर का झाली? इथं तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटींची ये-जा वाढली. हा कापूस मुंबईत पिकत नव्हता, तो आपल्या काळ्या रानात पिकत होता. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, १९११ मध्ये ती लातूरपर्यंत आली. तुमचं तेर स्टेशन त्याच मार्गावरचं. निजामाच्या राज्यातल्या लातूरच्या बाजारातल्या गाठी त्या छोट्या गाडीनं कुर्डूवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईकडं जायच्या. तिथून बोटीत चढलेली प्रत्येक गाठ प्राँग्सच्या दिव्यासमोरून बाहेर पडायची. बोट खडकावर गेली असती तर तोटा तेरच्या आडत्यापर्यंत आला असता.

आणि हे नातं इंग्रजांच्याही फार आधीचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली, तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तगर म्हणजे तुमचं तेर. गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथून गाड्यांनी कापड भडोचला यायचं, असं तो लिहितो. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली लेकरांनी पाहिली असेलच. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली. तोच व्यापारी सांगतो की भडोचच्या खाडीचं तोंड फार वाईट, उथळ वाळू आणि जोरदार भरती. म्हणून राजाच्या सेवेतले तिथले कोळी होड्या घेऊन समोर येत आणि परदेशी जहाजांना ओढून, भरतीच्या वेळा साधून आत नेत. दीपगृह नव्हतं, पण वेळ राखणारी माणसं होती. तगरचं कापड त्या कोळ्यांच्या भरवशावर रोमच्या साम्राज्यात गेलं. तेरच्या लेकरांनी दीपगृह का शिकावं, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

कारभाराबद्दल थोडक्यात. आधी दिवे त्या त्या बंदराच्या किंवा प्रांताच्या हाती असायचे. १९२७ च्या दीपगृह कायद्यानं त्यातले महत्त्वाचे दिवे एका केंद्रीय खात्याखाली आले. खर्च जहाजांकडून घेतलेल्या दीपशुल्कातून भागतो. २०२१ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला.

राहणीबद्दल लेकरांना उत्सुकता आहे. किनाऱ्यावरच्या दीपगृहाशेजारी क्वार्टर असायची, बायको-मुलं सोबत. खडकावर फक्त पुरुष, आणि सगळं सामान होडीनं. मे संपायच्या आत तांदूळ, डाळ, रॉकेल भरून ठेवायचं, कारण जूनमध्ये समुद्र उठला की धक्क्याला होडी लागत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत जे आहे त्यात भागवायचं. मी घरून ज्वारीचं पीठ न्यायचो. दमट हवेत ते लवकर कडू व्हायचं, मग भातावर यायचो, आणि भाकरीची आठवण सुट्टीपर्यंत छळायची. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलेलं किंवा होडीतून आणलेलं. चहूबाजूंनी पाणी आणि तांब्यानं मोजून प्यायचं. बाकीच्या सोबत्यांना ते जड जायचं, मला गेलं नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला २०१६ चा लातूरचा उन्हाळा सगळ्यांना आठवतो, पण घागरी मोजून वापरणं आपल्याकडं त्याआधीपासूनच होतं.

मग माणूस गेला कसा? सुरुवात स्वीडनच्या गुस्ताफ डालेननं केली. १९०७ च्या सुमारास त्यानं सूर्यझडप काढली. एक काळी दांडी उजेड शोषून तापते, किंचित लांब होते आणि वायूचा मार्ग बंद करते. अंधार पडला की आखडते, मार्ग उघडतो, दिवा लागतो. ना हात, ना घड्याळ. १९१२ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. तरी तो १९३७ मध्ये वारेपर्यंत काम करत राहिला. पुढं वीज, मग सौर पट्ट्या, एलईडी, दूरवरून देखरेख. ब्रिटनमधलं शेवटचं माणसांचं दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झालं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी अजून माणसं आहेत, पण त्यांचं काम रडार, रेडिओ आणि जहाजांची ओळख टिपणाऱ्या यंत्रांचं. पदाचं नावही आता नॅव्हिगेशनल असिस्टंट.

मला या बदलाचं दुःख नाही. आजचा दिवा सेकंदाचा अंशही चुकत नाही, आमच्या वजनाच्या यंत्राला ते कधी जमलं नसतं. पावसाळ्यात कठडा धरून कोणाला काच धुवावी लागू नये, हे चांगलंच आहे. जीपीएस आल्यावर दिवे कशाला, असं मात्र कोणी म्हणालं तर ते खरं नाही. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो, तो दडपता येतो, खोटाही करता येतो. लहान मच्छीमाराला तर डोळ्याला दिसणारा दिवाच खरा. निसर्गही एखाद्या दिवशी नकाशा बदलून टाकतो. २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत निकोबारच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली, वस्ती वाहून गेली, दीपगृह पाण्यात उभं राहिलं. वर सांगितलेलं उंचीचं गणित तिथं एका सकाळीत बदललं.

मला काळजी वाटते ती त्या वह्यांची. दिवा लागल्याची वेळ, वारा, पाऊस, गेलेली जहाजं, अडचणीत सापडलेल्या होड्या, हे सगळं रोज न चुकता लिहिलेलं आहे. खाऱ्या दमट हवेत कागद फार टिकत नाही. जिथं जिथं त्या शिल्लक असतील तिथून त्या गोळा करून, छायाचित्रं काढून, विद्यापीठांनी आणि अभिलेखागारांनी लवकरात लवकर जपल्या पाहिजेत. या किनाऱ्याच्या हवामानाचा इतका सलग इतिहास दुसरीकडं मिळणं कठीण.

सहलीचं विचारलंत तर कोर्लईला न्या, रेवदंड्याजवळ. १९५५ चं दीपगृह आहे, बसनं पोचता येतं, वर चढून भिंग जवळून बघता येतं. पावसाळा टाळा. आणि जायच्या आधी शाळेतच एक खेळ घ्या. संध्याकाळी अंधार पडल्यावर मैदानाच्या टोकाला तीन लेकरांना तीन टॉर्च देऊन उभं करा. एकानं दर पाच सेकंदांनी एकदा चमकवायचा, दुसऱ्यानं दर दहा सेकंदांनी दोनदा, तिसऱ्यानं पंधरा सेकंदांनी एकदा. बाकीच्यांनी हातात घड्याळ आणि मैदानाचा नकाशा घेऊन कोण कुठं आहे ते ओळखायचं. मग कोणालाही न सांगता एकाची वेळ बदलायला लावा, आणि वर्गाला पुन्हा नकाशा भरायला सांगा.